मागच्या बाजूची खिडकी

माणूस फाटकाशी उभा राहिला की तो कशाला आलाय, हे मी किटलीतलं पाणी उकळायच्या आत सांगतो. वारसा समितीचा अध्यक्ष काय उगाच झालो! आमच्या नेदर टॉलबी गावात घरं बत्तीस, आणि सगळी जुन्या वारशाच्या सरकारी यादीतली. दाराचा रंग बदलायचा तरी जिल्हा कचेरीची परवानगी लागते. शेजारच्या पॉबजॉयने न विचारता दार पिवळं केलं, तेव्हा तक्रार मीच केली होती.

त्यामुळे मंगळवारी सकाळी एक परका माणूस हातात वही घेऊन, मान वर करकरून घरं न्याहाळताना दिसला तेव्हा मी लगेच ओळखलं.

"हेस्टर, कचेरीचा माणूस आलाय."

"मग तुझा चेहरा का उतरला?" बायको म्हणाली.

तिला चांगलं ठाऊक होतं. आमच्या चारशे वर्षांच्या घराला मागच्या बाजूने मी गेल्या हिवाळ्यात गुपचूप प्लास्टिकची खिडकी बसवली होती. काय करणार? न्हाणीघराच्या जुन्या लाकडी खिडकीतून असं गार वारं यायचं की अंघोळ कानटोपी घालून करावी लागे. हे बिंग फुटलं तर खिडकी जाईल, दंड होईल, अध्यक्षपदही जाईल. पॉबजॉय तर गावभर केक वाटेल.

पडद्याआडून पाहतो तर तो माणूस पॉबजॉयशीच बोलत होता. आणि पॉबजॉय बोट दाखवत होता आमच्या घराकडे.

"चुगली केली लेकाने," मी म्हणालो आणि पलंगावरची रजई उचलून मागे धावलो. शिडी लावून ती खिडकीवर बाहेरून टांगली.

"अरे, पाऊस पडतोय," हेस्टर आतून म्हणाली.

"भुरभुर आहे नुसती."

"माझ्या आईची रजई आहे ती."

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"मी टिंडल," तो माणूस नम्रपणे म्हणाला. एवढा नम्र माणूस सरळ असूच शकत नाही. "मागच्या बाजूने जरा बघू का? शेजारी म्हणाले, बघण्यासारखं आहे ते तुमच्याकडेच."

"बघा की, पण आधी चहा घ्या."

मी त्याला हेस्टरने भाजलेले गोडसर पाव, म्हणजे स्कोन, मुरंबा लावून खाऊ घातले. दाराच्या बिजागऱ्या दाखवल्या, छताचं तुळवट दाखवलं, आजोबा कुठे धडपडले होते ती पायरीसुद्धा दाखवली. गडी तीन स्कोन आणि दोन कप चहा पचवून पुन्हा म्हणाला, "मग, मागे जायचं?"

गेलो. तो रजईसमोर उभा राहिला, आणि वर बघून त्याने वहीत काहीतरी लिहिलं. आणि भिजून जड झालेली रजई धप्पकन खाली आली!

मी हात पसरून खिडकीला आडवा झालो. "मान्य आहे, साहेब! प्लास्टिकची आहे. परवानगी नव्हती. मीच बसवली. पॉबजॉयने सांगितलं ते सगळं खरं आहे!"

"जरा हळू बोला," टिंडल कुजबुजले. "घाबरतील ती."

"कोण?"

"पिल्लं. मी पाकोळ्यांची घरटी मोजतो. तुमच्या खिडकीच्या अगदी वर, वळचणीला बघा. अख्ख्या गावात हे एकच."

जीव भांड्यात पडला. इतका की चौथा स्कोन मी आग्रह करकरून त्यांना खायला लावला. "वाटेल तेवढे फोटो काढा," असंही म्हणालो. त्यांनी काढले.

महिन्याभराने जिल्ह्याच्या पक्षिमित्रांचं मासिक आलं. मुखपृष्ठावर आमचं घर, खाली माझं नाव, आणि आत पत्ता देऊन सगळ्यांना बघायला येण्याचं आवर्जून निमंत्रण. पॉबजॉयने सहा प्रती मागवल्या. एक जिल्हा कचेरीला पाठवली म्हणे.

फोटोत घरटं जरा धूसर आलंय. खिडकी मात्र लख्ख आहे.