गोडबोल्या जंतू

विलास वाघमारेला साधा प्रश्न विचारायची सोय नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी सहज म्हणालो, "दूध उतू का जातं रे?" तर हा विज्ञानाचा मास्तर गाल फुगवून खुर्चीवर चढला आणि "सरका, आलो मी!" म्हणत माझ्या उघड्या डब्यावर उतू गेला. "नुसतं सांगून काय होतं यार? करून दाखवावं लागतं," हे त्याचं पालुपद. माझी मटकीची उसळ गेली ती गेलीच.

दर रविवारी तो चारकोपहून गोवंडीला जाई आणि बहिणीच्या गल्लीत टीबीवर नाटक करी. जंतू तो स्वतः. अंगात बायकोचा हिरवा गाऊन, हातात डफली. डॉक्टर मी. जंतू पेशंटच्या कानाशी लागून लाडीगोडीनं म्हणायचा, "खोकला गेला ना बाई? मग कशाला त्या गोळ्या? टाक बंद करून!" गल्ली हसून लोळायची. मी "कोर्स पुरा करा" म्हटलं की बायका ओरडायच्या, "ए डॉक्टर, बस खाली! जंतूला बोलू दे!"

"अरे, त्याला जरा भयंकर कर," मी वैतागून म्हटलं.

"भयंकर असता तर लोक फसले असते का? तो गोडच बोलतो."

पहिल्या रांगेत त्याची धाकटी बहीण सुनीता असायची. सगळ्यात जोरात टाळ्या तिच्या. टीबी तिलाच झाला होता. दादाने सरळ सांगितलेलं ती कानाआड करायची, म्हणून तर हा सगळा खटाटोप. बाकीची गल्ली आपली फुकटची प्रेक्षक.

आणि तिनेच गोळ्या मधेच सोडल्या. आम्हाला कळलं तेव्हा ती हॉस्पिटलात होती आणि टीबी आता औषधांना दाद देत नव्हता. "दादा, तुझा जंतू बोलायचा ना, ते अगदी माझ्या मनातलं वाटायचं रे," ती म्हणाली.

विलास बाहेर येऊन जिन्यावर बसला. "ती हसायची यार. मला वाटायचं, पटतंय तिला."

मला त्या हिरव्या गाऊनचासुद्धा राग आला होता.

परत आत गेलो तर सुनीता धापा टाकत म्हणाली, "दादा, जंतू कर ना."

मला वाटलं, हा नाही म्हणेल. त्याने मास्क नीट केला, तिच्या कानाशी वाकला आणि त्याच लाडीगोडीच्या आवाजात म्हणाला, "चुकलो बाई. जातो मी. आता परत नाही येणार."

जंतू खोटं बोलतोय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. सुनीता हसली.