लाल मोटारीच्या पेट्रोलनळ्या पालटिल्या ते वर्तमान

श्रीगजानन सिद्धी देवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते समयी राजियांचे घरी वर्तमान जाहले ते ऐसे. राजे निंबाजीराव यांचे संग्रही वडील आबासाहेब यांचे वेळची लाल, दोन आसनांची शर्यतीची मोटार होती. राजियांच्या थोरल्या भगिनी उमाबाईसाहेब, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, तरुणपणी तीच मोटार घाटातून आपण हाकीत. आता त्यांची दृष्टी उतरत चालली आणि वैद्यांनी दृष्टीस दोन-तीन मासांची मुदत सांगितली. मग बाईसाहेब बोलिल्या, "दिसते आहे तोवर त्या गाडीतून एकदा घाट पाहावा." राजियांनी दुसरेच दिवशी निघावयाचे ठरविले आणि गाडी तपासावयास तान्हूबाई मिस्त्री यांस बोलाविले. बाई तीस वर्षे इंजिनांत वागलेल्या, बहुत जाणत्या. त्यांनी बॉनेट उघडिले आणि इंजिनास पेट्रोल नेणारी रबरी नळी बोटांत धरोन वाकविली, तो तीस भेगा पडल्या आणि पेट्रोल पाझरले. बाई म्हणाल्या, "सरकार, ही गाडी उद्या जायची नाही. चढाला इंजिन तापलं आणि त्यावर थेंब पडला, तर पेट घेईल." राजे म्हणाले, "या नळ्या आबासाहेबांनी बसविलेल्या. साठ वर्षे काही जाहले नाही." "म्हणूनच सांगते. चावी मी देणार नाही." राजियांस ऐसे कोणी बोलिले नव्हते. मुद्रा लाल जाहली. मग बाईसाहेब म्हणाल्या, "निंबा, माझे डोळे आठ दिवसांत कुठे पळत नाहीत. तिला काम करू दे."

मग तान्हूबाईंनी बॅटरीची तार सोडविली, पेट्रोल काढोन दूर ठेविले, टाकी उतरवोन आतील गंज धुतला, आणि आजचे पेट्रोलास टिकतील ऐशा नव्या नळ्या मापाने कापोन बसविल्या आणि जोड आवळिले. चौथे दिवशी इंजिन चालविले. सर्वांनी वाहवा केली. तो बाईंनी आपणच इंजिन बंद केले आणि म्हणाल्या, "पंपापाशी एक जोड ओला आहे. माझीच चूक. पुन्हा करते." कोणाचे दृष्टीस ते आले नव्हते. हे ऐकोन राजे धुळीत बसले आणि काम पुरे होईतो विजेरी धरोन राहिले.

सातवे दिवशी सकाळी बहीणभाऊ घाट चढोन गेले. माथ्यावर मोकळे पठार लागले, तेथे बाईसाहेब बोलिल्या, "थांब. जागा बदलू." राजे म्हणाले, "ताई, दिसतं का?" "तुला दिसतं ना? तू सांग." मग राजे डावे-उजवे सांगत गेले आणि बाईसाहेबांनी पठारास दोन फेरे घातले, आणि तिसरा राजियांनी न सांगता घातला.

परत येवोन राजियांनी तान्हूबाईंस शालजोडी दिली. बाईंनी ती घेतली आणि वर्षाने नळ्या पुन्हा दाखवाव्या ऐसे बजाविले. राज्यात शूर बहुत जाहले, परंतु राजियांस नाही म्हणोन राजियांचे कूळ राखणारी ही एकच. घडले तैसे लिहिले. वाचणारांनी मान द्यावा.