उजव्या सोंडेची गणेशपट्टी

गंगाधर सुतारांचं मशीन वर्षभर सुधारत होतं. सोलापुरात अक्कलकोट रोडला त्यांचं लाकूडकामाचं छोटं दुकान. लाकडावर आपोआप नक्षी कोरणारा एक सीएनसी राऊटर त्यांनी जुन्यात घेतला होता. घेतला तेव्हा तो बऱ्यापैकी चालत होता. पण चालत्या गाडीला खीळ घालायची हौस पुष्कळांना असते, फक्त ते तिला सुधारणा म्हणतात. गंगाधररावांनी आधी कोरणारी मोटर दणकट बसवली. तिचा भार जुन्या रुळांना पेलेना, म्हणून रूळ बदलले. नव्या रुळांवर जुना सांगाडा खडखडायला लागला, म्हणून सांगाडा बदलला. शेवटी मूळ मशीनपैकी खालचं टेबल तेवढं उरलं, आणि पापड लाटायला म्हणून त्यावर त्यांच्या बायकोचा, शकुंतलाबाईंचा, डोळा होता.

याच धामधुमीत त्यांच्या मुलीचं, उत्कर्षाचं, लग्न झालं. मशीन तेव्हा नटबोल्ट सोडून पडलेलं होतं. त्यामुळे रुखवतात मांडायचे पाट, चौरंग आणि पोळपाट बाजारातून आणावे लागले. उत्कर्षाच्या सासूबाईंनी, वळसंगच्या रंभाबाईंनी, पोळपाट उलटा करून पाहिला. खाली दुकानाचा स्टिकर होता.

"सुताराच्या लेकीला बाजारचा पोळपाट," त्या म्हणाल्या.

एकदाच म्हणाल्या, पण लग्नघरात सगळ्यांनी ऐकलं. पुढं वळसंगात उत्कर्षा पोळ्या लाटायला बसली की कुणी ना कुणी त्याची आठवण काढायचंच. हे गंगाधररावांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना दोन घास जाईनात. एकुलत्या एका लेकीला आपल्या मशीनच्या नादापायी बोलणी बसतात, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. म्हणून आप्पांनी, म्हणजे उत्कर्षाच्या सासऱ्यांनी, शेतात नवं घर बांधायला काढलं, तेव्हा गंगाधररावांनी आपण होऊन जाहीर केलं की घराचं मुख्य दार आमच्याकडून. असलं दार देईन की पोळपाटाचं नाव निघणार नाही.

असं दार करायचं तर मशीनला नव्या मोटरी हव्यातच, हे त्यांना लगेच पटलं. त्यांचा दोस्त ईरप्पा वायरमन मदतीला आला. दोघांनी मोटरी बसवल्या, वायरी जोडल्या आणि एक कमळ कोरून पाहिलं. कमळ सुरेख आलं. मग दोन मोर समोरासमोर कोरले, तेही देखणे आले. मशीन लोण्यासारखं चाललं होतं. फक्त एका मोटरीच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे मशीन डाव्याचं उजवं करत होतं. पण कमळाला कसलं डावं आणि कसलं उजवं? आणि मोरांनी जागा बदलल्या तरी ते एकमेकांकडेच बघणार.

दार झालं, पॉलिश झालं, चौकटीवरची गणेशपट्टी झाली. गंगाधररावांनी गणपतीवरून दहादा हात फिरवला, पण त्यांचं सगळं लक्ष कुठं लाकडाचं कुसळ राहिलंय का इकडं होतं. वास्तुशांतीच्या आदल्या सकाळी टेम्पोतून दार वळसंगला गेलं आणि चौकटीत चपखल बसलं. रंभाबाईंनी दार पदरानं पुसलं, म्हणजे त्यांना आवडलं होतं. तेवढ्यात पूजेची मांडणी बघायला आलेल्या गुरुजींनी मान वर केली.

"सोंड उजवीकडं हाय की ओ."

गंगाधररावांनी आधी, उजवीकडे म्हणजे आपल्या की देवाच्या, असा मुद्दा काढून पाहिला. गुरुजींनी त्यांना पाठमोरं उभं करून समजावलं. मग जमलेल्यांपैकी प्रत्येकाला काही ना काही आठवलं. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळं मोडलं की खैर नाही. कुणाच्या तरी चुलत्याच्या घरात असा गणपती होता आणि त्यांची म्हैस आटली. एवढं कडक सोवळं पाळणार कोण, असा प्रश्न निघाला आणि सगळ्या माना उत्कर्षाकडे वळल्या. ती आप्पांच्या पत्त्यांच्या मंडळासाठी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पहाटेपासूनची तिची ती तिसरी खेप.

पोळपाटाचा टोमणा पुसायला आलो आणि पोरीच्या गळ्यात जन्माचं सोवळं बांधून चाललो, असं गंगाधररावांना झालं. "चार वाजेपातूर दुसरी पट्टी आणतो," एवढं बोलून त्यांनी पहिली पट्टी उतरवली आणि मोटरसायकलला किक मारली.

निघण्याआधी त्यांनी फोनवरून ईरप्पाला प्रकार सांगितला होता. ईरप्पा हुशार. वायरी उलट्या आहेत हे त्यानं तत्काळ ओळखलं, दुकानात जाऊन त्या सरळ केल्या आणि चहा प्यायला गेला. गंगाधररावही काही कमी हुशार नव्हते. वायरी शोधत बसण्यापेक्षा चित्रच उलटं केलं तर गणपती सुलटा येईल, असा विचार त्यांनी वाटेतच पक्का केला होता. दुकानात शिरताच त्यांनी संगणकावर चित्र उलटं केलं, फळी लावली आणि मशीन चालू करून पॉलिशच्या तयारीला लागले. दोघांनी आपापल्या जागी अगदी बरोबर दुरुस्ती केली. दोन दुरुस्त्यांची मिळून पुन्हा तीच चूक झाली. घाईत सोंड बघायची राहिली आणि पॉलिश ओलं असतानाच पट्टी जुन्या धोतरात गुंडाळली गेली.

चारच्या सुमारास वळसंगात घडी उलगडली. गणपती प्रसन्न होता आणि सोंड उजवीकडे होती.

गंगाधरराव पायरीवर बसले. त्यांना आता मशीनही दिसत नव्हतं आणि दारही. लेकीकडे बघायचं धाडस होईना. रंभाबाई पदर सावरून पुढं आल्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून गंगाधररावांनी मान खाली घातली.

"एकदा आला तवा चूक म्हणलं," रंभाबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा बी तसाच आला. म्हंजी त्याला आपल्याकडंच यायचं हाय. जोडा ती पट्टी."

गुरुजींनी बजावलं की नेम कडक आहेत. सूर्योदयाआधी अंघोळ, मग पूजा, घरात तंबाखू नाही, मटण नाही, दारात पत्ते नाहीत. पुन्हा माना उत्कर्षाकडे वळणार, इतक्यात तिनं ट्रे खाली ठेवला आणि पदर डोक्यावरून घेतला.

"गुरुजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हे घराच्या कर्त्या पुरुषानं करायचं असतंय न्हवं?"

गुरुजी शास्त्राला धरून होते. त्यांना हो म्हणावं लागलं. रंभाबाईंनी वळून आप्पांकडे पाहिलं. तीस वर्षांत जे त्यांच्या तोंडाला जमलं नव्हतं ते एका सोंडेनं जमत होतं. आप्पांनी तोंडातली तंबाखूची गोळी गुपचूप कुंपणापलीकडे थुंकली. गंगाधररावांनी पहिल्यांदाच मान वर केली. लेक त्यांच्याकडे बघत नव्हती, पण तिच्या गालावरची खळी त्यांना दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

महिन्याभरानं उत्कर्षाचा फोन आला. पत्त्यांचं मंडळ मारुतीच्या पारावर गेलंय. मामा, म्हणजे आप्पा, पहाटे उठतात, पूजा झाल्यावर आपला चहा आपणच करतात. आत्या, म्हणजे सासूबाई, आल्यागेल्याला दार दाखवतात आणि आमच्या व्याह्यांच्या हातचं म्हणून सांगतात. पोळपाटाचं नाव कुणी काढत नाही.

त्याच दिवशी दुपारी दुकानात मशीन सुरू होतं. वायरी सरळ, चित्र सरळ, आणि माढ्याच्या एका गिऱ्हाइकासाठी डाव्या सोंडेचा गणपती झोकात उतरत होता. दाराशी सावली पडली. आप्पा उभे होते. महिन्याभरात ते बरेच रोडावले होते. त्यांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणला.

"पाव्हणं, तेवढी सोंड फिरवून द्या की. खर्च माजा. घरात न्हाय सांगायचं."

वर्षभर गंगाधररावांनी मशीनला कुणी नावं ठेवलेली खपवून घेतली नव्हती, अगदी शकुंतलाबाईंनीसुद्धा. त्यांनी हात लांब करून बटण दाबलं. मशीन थांबलं. अर्ध्या गणपतीवर त्यांनी हळूच पोतं पसरलं.

"काय सांगू आप्पा," ते उसासा टाकून म्हणाले, "सुधारता सुधारता बिघडून बसलंय बगा. डावीकडं वळतच न्हाय."