खालची आळी कंट्रोलमध्ये

माणूस किती शिकला हे तो घरात शिरल्यावर आधी काय करतो यावरून ओळखावं. कमी शिकलेला माणूस जयभीम करतो, पाणी मागतो आणि गुडघा कसा आहे विचारतो. माझ्या भावाचा मुलगा रत्नपाल पुष्कळ शिकला आहे. तो आधी कंबर मोजतो.

एकदा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. त्यानं मागून येऊन टेप लावली. माझं नऊवारी लुगडं, त्याचा कासोटा, वर खोचलेली पानसुपारीची चंची आणि किल्ल्यांचा जुडगा, या सगळ्यासकट कंबर मोजून त्यानं तोंड पाडलं आणि म्हणाला, आत्या, तुझं काही खरं नाही. चंची काढते, पुन्हा मोज म्हटलं, तर पहिलाच आकडा शास्त्रीय असतो असं कळलं. (त्या हिशेबानं आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या औराद तालुक्यात सगळ्यांत लठ्ठ निघाल्या. पोटात काय आहे ते आमचं आम्हांला माहीत. कमरेला काय आहे ते आता जगाला माहीत झालं.)

हे सगळं संशोधन होतं. ‘सीमाभागातील ग्रामीण जनतेतील हृदयविकार, मधुमेह, लठ्ठपणा व जीवनशैली’ असं त्याचं लांबलचक नाव. जीवनशैली हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्याकडे जीवन होतं, त्याला शैली असते हे ठाऊक नव्हतं. कलबुर्गीहून मोठे सर आले आणि त्यांनी आमच्या रत्नपालला समन्वयक नेमलं. समन्वयक म्हणजे गावाच्या शिव्या खायला गावातलाच माणूस. तो बिदरला मैलूरमध्ये राहतो, महिन्यातून एकदा जीपमधून आमच्या गावाला, संतपूरला येतो.

आधी प्रश्न झाले. व्यायाम करता का, असं विचारलं. दिवसभर उन्हात ढेकळं फोडून आलेल्या बायांनी खरं ते सांगितलं, न्हाई बाई, येळच घावत न्हाई. त्या सगळ्या ‘बैठी जीवनशैली’ या सदरात बसल्या. (दिवसभरात तेवढ्याच बसल्या.) मग ताण आहे का, असं विचारलं. ऊन मी म्हणत होतं आणि आमच्या बोलण्यात ‘ण’ फारसा लागत नाही. तान, म्हणजे तहान, कुणाला नव्हती? दोन-दोन तांबे रिचवले तरी भागत न्हाई, असं शंभरातल्या नव्वदांनी सांगितलं. पहिल्या अहवालात आलं की गावात मानसिक ताण तीव्र असून लोक त्यावर तांब्याचा उपाय करतात. सर खूश झाले. असा उपाय त्यांनी कुठंच वाचला नव्हता.

त्यानंतर गटांची वाटणी. आमच्या गावात डांबरी रस्त्याच्या वर वरची आळी आणि खाली आमची. एका आळीला गोळ्या, पांढरे बूट आणि सल्ला द्यायचा. दुसऱ्या आळीला तीन वर्षं काही द्यायचं नाही, नुसतं बघायचं. मग दोन्हींची तुलना करायची. कुणावर अन्याय नको म्हणून सरांनी चिठ्ठी टाकली. चिठ्ठीला जात नसते, असं ते म्हणाले. गोळ्यांची चिठ्ठी वरच्या आळीला निघाली आणि बघायची आमच्या आळीला. चिठ्ठी शहाणी होती, गावात नवी असून तिला सगळं ठाऊक होतं.

आम्हांला हात न लावता लांबून बघायची रीत गावात फार जुनी आहे. ती शास्त्रीय आहे हे आमच्या वाडवडिलांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी उगाच मनाला लावून घेतलं.

मी सरांना विचारलं, आमच्यातला कुणी आजारी पडला तर? सर म्हणाले, तुमची नेहमीची सेवा चालू राहील. नेहमीची म्हणजे कोणती? सर म्हणाले, जी तुम्हांला नेहमी मिळते ती. मी म्हटलं, मग समजलं.

हे सगळं रत्नपालनं संध्याकाळी भोंग्यावरून गावाला थोडक्यात सांगितलं. शिकलेल्या माणसानं थोडक्यात सांगू नये. तो म्हणाला, ‘खालची आळी कंट्रोलमध्ये आहे.’ आता कंट्रोल म्हणजे काय हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगतं. कंट्रोल म्हणजे राशनचं दुकान. दुसऱ्या दिवशी उजाडायला सगळी आळी पिशव्या आणि कार्डं घेऊन रत्नपालच्या जीपपुढं रांगेत उभी. कुणी रॉकेलचा डबाही आणला होता. संशोधनाला इतका प्रतिसाद कर्नाटकात कुठं मिळाला नसेल.

वरच्या आळीत त्याहून मोठा गोंधळ. उद्धवराव तिथले मोठे शेतकरी, माणूस तसा वाईट नाही, फक्त दुसऱ्याला काही मिळालं की त्यांना ढेकर येत नाही. सगळं फुकटाचं खालच्यांनाच कामून, असं म्हणून ते चार माणसं घेऊन सरांकडे गेले आणि वरची आळीही कंट्रोलमध्ये घ्या असा अर्ज दिला. कंट्रोलमध्ये काहीच मिळत नाही, हे सरांनी त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी अर्ज मागं घेतला आणि चिठ्ठीच्या निष्पक्षपणाबद्दल सरांना शाल घातली.

तर माझा धाकटा भाऊ भीमराज, रत्नपालचा बाप, कंट्रोलमध्ये. त्याची बायको गेल्यापासून तो दोन्ही वेळेला माझ्याकडे जेवतो. त्याच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागून जखम झाली होती, ती बरी व्हायचं नाव घेत नव्हती. रत्नपाल यायचा, बापाचं वजन करायचा, रक्त काढायचा, अंगठा वाकून वाकून बघायचा, त्याचा फोटो घ्यायचा. भीमराज विचारायचा, काय हाय रं? रत्नपाल म्हणायचा, अप्पा, सांगता येत नाही. सांगितलं की तो हस्तक्षेप होतो.

एका खेपेला मी रत्नपालला गोठ्यामागं गाठलं. बापाचा अंगठा काळा पडायलाय, औषध दे म्हटलं. त्यानं शांतपणे समजावलं. एका माणसाला गोळी दिली की सगळा आकडा नासतो. त्यात तो माणूस सख्खा बाप असला तर नासतोच, वर नोकरी जाते. तीन वर्षं थांबायला हवं. मग अहवाल येईल, अहवालावर समिती बसेल, आणि समितीनं मान्य केलं तर खालच्या आळीलाही गोळ्या मिळतील. तोवर अंगठा थांबेल का, असं मी विचारलं. त्याचीच तर नोंद ठेवायलोय, असं तो म्हणाला. संशोधकाला बाप नसतो हे ऐकून होते. बापाला पोरगा नसतो हे त्या दिवशी कळलं.

पण भीमराज पोराहून वरचढ. मी त्याला उदगीरला डॉक्टरकडे चल म्हटलं, तर तो उंबऱ्यावर बसून राहिला. पोराचा आकडा बिघडंल म्हणाला. जन्मभर मी पोराला काय दिलं, आता पहिल्यांदा त्याच्या कामी यायलोय तर तू मोडता घालू नगंस, म्हणाला. ज्यानं पोराला शिकवायला स्वतः चप्पल घातली नाही, त्यानं पोराच्या शिक्षणापायी पाय द्यायचं ठरवलं होतं.

मी त्याला लग्नाला म्हणून उदगीरला नेलं. नवरदेव कुठाय, असं तो दवाखान्याच्या बाकावर बसून तासभर विचारत होता. डॉक्टर म्हणाले, साखर अंगात उतू चाललीय. आज गोळ्या सुरू केल्या नाहीत तर आधी बोट जाईल, मग पाय. जखम धुऊन पट्टी केली, ती भीमराजनं करू दिली. गोळ्या मात्र त्यानं बसस्टँडवर माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकल्या. दर महिन्याला त्याला एक लग्न दाखवून उदगीरला न्यावं इतकी लग्नं आमच्या सोयऱ्यांत नव्हती. डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहून दिलं होतं, पण ती दर महिन्याला विकत घ्यायची ऐपत नव्हती. ते नाव वाचायला मी चौथी शिकलेली पुरेशी होते, कारण तेच नाव मी वरच्या आळीच्या उकिरड्यावर फेकलेल्या खोक्यांवर वाचलं होतं.

वरच्या आळीत उपचार जोरात चालू होता. उद्धवराव पांढरे बूट घालून सकाळी रस्त्यावर चालायचे, वळणापर्यंत जाऊन यायचे आणि मग मोटारसायकल काढून शेताला जायचे. (शेत वळणावरच आहे.) गोळ्या मात्र कुणीच घेत नव्हतं. उद्धवरावांच्या मंजुश्रीची सोयरीक जमत आली होती, आणि बाप रोज गोळी खातो हे बाहेर गेलं तर घराण्यात साखर आहे असा बोभाटा झाला असता. अडचण एकच. रत्नपाल दर महिन्याला रिकामी पाकिटं मोजून न्यायचा. गोळ्या न खाता पाकिटं रिकामी कशी करायची (उकिरड्यावर टाकल्या तर रत्नपालच्या नजरेला पडल्या असत्या), या विवंचनेत उद्धवरावांची बायको राजूबाई बसली होती. मी तिची विवंचना पदरात घेतली.

पाकिटं तिची, गोळ्या माझ्या. मागच्या दारी उभं राहायचं, ती वरून गोळ्या माझ्या पदरात टाकायची. गोळीला विटाळ होत नाही हे राजूबाईलाही ठाऊक आहे, हाताची सवय. घरी आले की मी गोळी कुटून भीमराजच्या लाल तिखटात घालायची. कडू लागतंय, असं तो म्हणाला की मिरचीला दोष द्यायची.

असल्या गोष्टी बायांत लपत नाहीत. महिन्याभरात आमच्या आळीतल्या एकेका घरातलं माणूस उदगीरला ‘लग्नाला’ जाऊन आलं, गोळीचं नाव घेऊन आलं आणि वरच्या आळीच्या एकेका मागच्या दाराशी उभं राहिलं. दोन्ही आळ्यांत इतका सलोखा मी जन्मात पाहिला नव्हता. शांतता समितीनं जे साठ वर्षांत केलं नाही ते संशोधनानं करून दाखवलं.

भीमराजचा अंगठा भरून आला. तो चपला घालून हिंडायला लागला.

मग तीन वर्षं भरली आणि आकडे आले. ज्यांना गोळ्या, बूट आणि सल्ला दिला त्यांची साखर वाढली, कमरा वाढल्या, रक्तदाब वाढला. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचं सगळं उतरलं. दुसऱ्या गावचा साधा माणूस असता तर म्हणाला असता, कुठंतरी पाणी मुरतंय. पण सर साधे नव्हते. त्यांनी आठ दिवस विचार केला आणि शोध लावला की माणसाकडे नियमित व आपुलकीनं नुसतं बघितलं तरी त्याचा मधुमेह उतरतो. या शोधाला त्यांनी ‘निरीक्षणजन्य आरोग्यलाभ’ असं नाव दिलं. सरकारातल्या मोठ्या साहेबांना तो वाचल्याबरोबर पटला, कारण त्यात खर्च नव्हता. आता बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांत पुढच्या महिन्यापासून लोकांकडे नुसतं बघायचं ठरलं आहे. गोळ्या बंद, वरच्या आळीच्याही. बघण्यासाठी दीडशे माणसं नेमणार आहेत.

आणि शनिवारी कलबुर्गीला मोठी सभा आहे. तिथं भीमराजला मंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून दाखवणार आहेत. त्यानं पांढरा शर्ट शिवून घेतला आहे. तो आळीत सांगत हिंडतो की औषधाचा कण पोटात न जाता पोराच्या नजरेनं मी बरा झालो.

हे सगळं सांगायला रत्नपाल काल, मी भाकरी थापत असताना, पेढे घेऊन आला. कंबर मोजली नाही. आता गरज नव्हती. मी एक पेढा बाजूला ठेवला आणि त्याला सांगितलं, राजूबाईचं मागचं दार, माझा पदर, लाल तिखट, सगळं. पुढच्या महिन्यापासून वरची पाकिटं बंद झाली की तुझ्या बापाचा पाय पुन्हा सडेल, आणि तो तर आता कुणी हातात दिलेली गोळी घेणारच नाही, हेही सांगितलं.

रत्नपालनं हातातला पेढा पुन्हा खोक्यात ठेवला. बापाच्या गोळीचं काय करू, असं तो विचारेल म्हणून मी वाट पाहिली. त्यानं विचारलं, ‘आत्या, ह्ये किती जणांला ठाऊक हाय?’

मी म्हटलं, दोन्ही आळ्यांतल्या बायांना.

‘बायांचं काय न्हाई,’ तो म्हणाला. ‘अप्पाला कळू देऊ नगंस. शनवारपतुर तेवढं गप बस. मग बघू.’

तेव्हा मी भाकरीचं पीठ हाताला तसंच असताना उठून त्याच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, ‘मी शनवारपतुर कशाला, जन्मभर गप बसते, लेकरा. सांगून, लिहून तरी कोण हालणार हाय? शिकलेली माणसं ह्ये वाचतील, गालात हसतील, म्हातारीनं बरं फशिवलं म्हणतील, अन् उठून आपापली साखर तपासायला जातील. भीमराजच्या पायाचं काय झालं, ह्ये त्यांच्यातला एकबी इचारणार न्हाई. त्यांच्यात बसून तू शिकलास, त्यांच्यावानीच झालास. माणूस मरायलाय म्हटलं की तुम्ही आधी इचारता, कुठल्या आळीतला?’