आबांच्या फडक्यातली भाकरी

लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली, मठ्ठा आला, की आमचे किसनआबा मांडीवर फडकं सोडायचे. आत घरची ज्वारीची भाकरी आणि ठेचा. मुलीचा बाप हात जोडून उभा राहिला तरी म्हणायचे, "तुमचं झ्याक हाय, पण आपल्याला न्हाय जमायचं." आणि सगळ्यांच्या आधी हात धुऊन मोकळे.

शेळगावात माझ्या बांधाला त्यांचा बांध लागतो. ठिबक आलं, डाळिंब आलं, मोबाईल आला. प्रत्येकाचं स्वागत आबांनी याच शब्दांनी केलं आणि ऊस लावत राहिले. भाकरीसुद्धा बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्याच हातची हवी. एकदा काकी माहेरी वरकुट्याला गेल्या, तर त्या परत येईपर्यंत हा माणूस गूळ-शेंगदाण्यावर राहिला. घरात तवा होता, सून होती, पण नाही. काकींनीच नवऱ्याला लाडावून ठेवलंय, असं माझं मत.

त्यामुळे मध्यंतरी ते माझ्या मोटारसायकलला आडवे येऊन म्हणाले, "बारामतीला चाललायस न्हवं? मला डोसा खायचाय," तेव्हा वाटलं, यांना ऊन लागलं.

हॉटेलात त्यांनी डोशाचा चुरा केला, सांबारात कुस्करला आणि भुरके मारत संपवला. वेटर बघतच राहिला. पुढच्या खेपेला नूडल्स मागवल्या. "ह्याला टोकच घावंना," म्हणत बोटांनी तोडून तोडून खाल्ल्या. घरी पोचल्यावर काकींना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "आता रोज असलंच पायजे. भाकरीचा कटाळा आला." काकी माझ्याकडे बघत राहिल्या, जसं काही मीच त्यांना दारू पाजून आणलं होतं.

गावात कोणी म्हणालं म्हातारचळ, कोणी म्हणालं बाहेरची बाधा. मला काहीच उमगेना. कारण खाताना आबांचे डोळे मिटलेले असत, काढा पिताना असतात तसे.

शेवटी एकदा पिझ्झा समोर असताना मी विचारलंच, "आबा, आवडत नाही तर खाता कशाला?"

बोटाला चिकटलेलं चीज ते बराच वेळ सोडवत बसले. "तुझ्या काकीचं मनगाट गेलंय. डॉक्टर म्हणाला, भाकऱ्या थापायच्या बंद. ती म्हणती, ह्यांना दुसरं काय चालतच न्हाय. पीठ मळताना पदर दातात धरती. मला दिसत न्हाय व्हय?"

"मग सूनबाईच्या हातची खा की."

"सुनंची गोड लागली, तर हिला वाटंल आपली गरज सरली. डोशावर ती रुसायची न्हाय. म्हणंल, म्हातारा चळला."

मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

आबांनी घोटाबरोबर घास खाली ढकलला. मग खिशातून फडकं काढून त्यात पिझ्झ्याचा एक तुकडा बांधला.

"ह्यो तिच्या देखत खायचाय," ते म्हणाले. "पण लेका, आवडलं म्हणताना तोंड कसं करत्यात, तेवढं जरा दाखव."

मी करून दाखवलं. आबांनी माझं बघून तसं करायचा प्रयत्न केला. काकी फसतील असं मला वाटत नाही.