इंदूआक्कांनी घाटशर्यतीत रसद राखिली त्याची हकीकत

श्री अग्निनारायण प्रसन्न. चार सिलिंडरांच्या घरी ज्याचा वास आणि एका ठिणगीच्या हाकेस जो जागा होतो, त्यास वंदन करून लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघ मास. ते समयी हमरस्त्याच्या कडेस पत्र्याच्या छपराखाली एक राज्य नांदत होते. राज्यास नाव नव्हते. पाटी होती ती ट्रकच्या धक्क्याने गेली. संस्थापक ज्ञानू मिस्त्री, ज्यांस घरी आबा म्हणत, थोर पुरुष, त्यांनी एका जुन्या मोटारीचे इंजिन स्वहस्ते खोलिले आणि पिस्टन बसवून नवे केले आणि त्याच साली देह ठेविला. मागे कन्या इंदूआक्का आणि धाकटे पुत्र सर्जेराव राहिले. सर्जेरावांनी ती गाडी शर्यतीत हाकावी आणि इंजिनास पेट्रोल किती व केव्हा द्यावे ते आक्कांनी लॅपटॉपपुढे बसून ठरवावे, ऐसी वाटणी जाहली. म्हणजे सर्जेराव सेनापती आणि आक्का रसदीच्या मुखत्यार. पोवाडे सेनापतीचे होतात, रसदवाल्यास कुत्रे विचारीत नाही. परंतु लढाया कशापायी बुडाल्या ते आम्हांस विचारा.

मग टायर-तेलाचे बडे व्यापारी केसरोजी नाईक राज्यावर प्रसन्न जाहले आणि त्यांनी एक टर्बो नजर केला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरचा वारा दाबून इंजिनच्या पोटी कोंबतो आणि गाडी पिसाटते. बदल्यात बॉनेटवर नाईकांचे नाव हातभर अक्षरांत झळकावे आणि घाटशर्यतीत गाडीने गर्जावे, इतकेच मागणे. परंतु जितका वारा तितके पेट्रोल, हा या मुलखाचा कायदा. वारा उदंड आणि पेट्रोल तोकडे जाहले म्हणजे आग बेताल होते आणि पिस्टन मेणासारखा वितळतो. इंजिनास पेट्रोल पुरविणारा पंप जुना, त्याची धाव आक्कांस ठाऊक. म्हणोन त्यांनी वाऱ्यास वेस घालून दिली की इथवर, पुढे नाही. नाईकांस हे रुचले नाही. शर्यतीच्या सकाळी त्यांनी सर्जेरावांस बाजूस घेऊन कानमंत्र दिला, आणि सर्जेराव शूर खरे, पण हलक्या कानाचे. त्यांनी गुपचूप टर्बोचा दाब वाढविणारा स्क्रू पिळला.

मग सरावाची फेरी जाहली. राज्याची वडिलोपार्जित रीत ऐसी की चढावर पुऱ्या जोरात असता इंजिन तिथेच बंद करावे, गाडी कडेस लावावी आणि ठिणगी पाडणारा तापला प्लग काढून त्याची चोच पाहावी. तपकिरी दिसली तर पेट्रोल पुरले, पांढरी दिसली तर इंजिन उपाशी. आक्कांनी प्लग काढिला तो चोच चुन्यासारखी पांढरी. आक्कांचा चेहराही तैसाच जाहला.

"सर्जा, कुणी पिळला रं स्क्रू?"

"थोडाच की, आक्का."

"थोडाच? आत आबांनी बसवलेला पिस्टन हाय, आणि तू थोडाच म्हणतोस?"

इतक्यात खासे नाईक गॉगल सावरीत आले आणि बोलिले, "बाई, घाबरता कशाला? फुटलं तर फुटलं. दुसरं इंजिन मी देतो. आज पब्लिकला आवाज पाहिजे." आक्का उत्तरल्या, "इंजिन द्याल, शेठ. आबांचा हात कुठनं आणाल?" नाईक संतापून म्हणाले, "वारा कमी करणार असाल तर माझं नाव काढा गाडीवरनं!"

भोवती दहा गाड्यांचे लोक जमले होते. कोणास वाटले, आता बाई हात जोडील. छे! हात जोडणारी ती वेगळी. आक्कांनी पत्रा खरवडायची पट्टी घेतली आणि बॉनेटवरील अक्षर न् अक्षर सोलून काढिले आणि तो चिकट बोळा नाईकांच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "हे तुमचं नाव. टर्बोबी शर्यत झाल्यावर उतरवून देते. आत्ता गरम हाय, हात भाजंल तुमचा." मग बंधूंकडे वळल्या. "तुला लईच वारा पाहिजे तर नाईकांची दुसरी गाडी हाय की शर्यतीत, तिच्यात जाऊन बस. ही गाडी पोटाला मिळंल तेवढीच पळंल." सर्जेराव पाना घेऊन वाकले आणि आपण पिळिला स्क्रू आपणच मागे फिरविला.

मग रण पेटले. नाईकांची दुसरी गाडी, पुऱ्या वाऱ्याची, गर्जत पुढे गेली आणि पब्लिकने शिट्ट्या वाजविल्या, आणि वरल्या वळणाआधी एक आवाज जाहला आणि पांढऱ्या धुरात गाडी रस्त्यातच बसली. आमची गाडी मागाहून गेली. तिचा आवाज बेताचा, परंतु एकदाही अडखळली नाही. क्रमांक सातवा आला. होय, सातवा! ज्यास हसू येते त्याने पोटभर हसून घ्यावे.

आता बंद गाडी वर ओढावी तर ओढणारा ट्रक पायथ्याशीच बिघडला. बाकीचे वीर मान फिरवून चहा पिऊ लागले. मग सर्जेरावांनी गाडी माथ्यावरून परत फिरविली आणि आक्का स्वतः दोर घेऊन बंद गाडीपाशी उतरल्या. नाईक आपल्या चालकास उतरवून बंद गाडीचे स्टिअरिंग धरून बसले आणि सर्जेरावांनी उरला चढ ती गाडी ओढिली. शर्यतीची शेवटची रेघ नाईकांच्या नावाने ओलांडली खरी, पण आमच्या दोराला बांधून.

वर पोहोचताच सर्जेरावांनी कोणी न सांगता प्लग काढिला. चोच नीट भाजल्या भाकरीच्या रंगाची. तो फडक्यात धरून त्यांनी बहिणीपुढे केला. "आक्का, बघ की." आक्कांनी पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. म्हणाल्या, "पुरलं रं."

तात्पर्य, टर्बो उतरवून वारा ज्याचा त्यास परत दिला, रसद राखिली, वडिलांचा पिस्टन राखिला. क्रमांकाची खंत नाही, कोणाचे देणे नाही, बॉनेट कोरे आहे. बखर येथे बंद केली. इंजिन चालू आहे.