पगाऱ्यांचा टर्नआऊट

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या कॉलनीत खळ शिजल्याचा वास सुटला, की नवा भाडेकरू हमखास विचारायचा, "निवडणूक लागली का?" खळ शिजवतात ती पोस्टरं डकवायला, अशी त्याची साधी समजूत. आम्ही जुने रहिवासी सांगायचो, "नाही हो, पगारे मुलीचे बूट दुरुस्त करतायत."

स्टोव्हवर मैद्याची खळ, शेजारी गोणपाटाचे कातरलेले तुकडे, आणि मांडीवर गुलाबी सॅटिनचा एक बूट. त्या बुटाच्या टोकात गोणपाटाचा एक थर, खळीचा एक थर, पुन्हा गोणपाट, असं पगारे तास-तासभर भरत बसायचे. बूट बॅलेचे होते. बॅले हा युरोपातला नाच. त्यात मुली पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहतात, आणि बुटाचं टोक मऊ पडलं तर बोटं मोडतात. असे बूट नाशिकात मिळत नसत. देवळाली कॅम्पातल्या साहेबलोकांच्या मुलींनी टाकून दिलेले जोड पगारे घेऊन यायचे आणि घरी पुन्हा कडक करायचे.

एका रविवारी त्यांनी एक जोड कुंपणाच्या भिंतीवर वाळत ठेवला आणि शेजारच्या शेळीने उजव्या बुटाचं टोक खाल्लं. शेळीचा तरी काय दोष, शेवटी तो मैदाच. पगाऱ्यांनी उरलेला बूट उलटसुलट करून बघितला आणि निकाल दिला, "बियाँड लोकल रिपेअर." तेव्हापासून ते खळीत मोरचूद घालायला लागले.

पगारे कॅम्पात लष्कराच्या कपड्यांच्या भांडारात स्टोअरकीपर होते. तिथली भाषा ते घरीही बोलायचे. चांगला असेल तो चहा सर्व्हिसेबल, पातळ असेल तो अनसर्व्हिसेबल, आणि ज्याचं काहीच होऊ शकत नाही ते बियाँड लोकल रिपेअर. ह्या शेवटच्या खात्यात त्यांची सायकल, नगरपालिका आणि माझा स्वभाव अशा तीन गोष्टी कायमच्या जमा होत्या. मी नाशिकरोडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे मला ते 'सर' म्हणायचे, आणि त्या एका शब्दाने मी किती फुगायचो ते पुढे येईलच.

हे सगळं सुरू झालं बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास. पगाऱ्यांची सुजाता तेव्हा सात वर्षांची. एका शनिवारी ते तिला भांडारात घेऊन गेले होते. परतताना एका बंगल्यातून पियानोची रेकॉर्ड ऐकू आली, आणि पोर फाटकाला चिकटून उभी राहिली. आत खोर्शेदबाई नावाच्या एक पारशी बाई अधिकाऱ्यांच्या मुलींना बॅले शिकवत होत्या. पोर हलेना. बाई बाहेर आल्या, त्यांनी सुजाताचं पाऊल हातात धरून वाकवून बघितलं, घोड्याचा खूर बघतात तसं, आणि म्हणाल्या, "मंगलवार को लेके आ."

कॉलनीत चर्चा झाली. पगारेवहिनींनी दोन दिवस अबोला धरला. मीही विचारलं, "पगारे, नाचच शिकवायचा तर आपला एखादा शिकवा. हे काय?"

"सर," पगारे म्हणाले, "माझे वडील त्या बंगल्यांच्या रस्त्यावर खडी टाकायला होते. आत काय चाललंय ते फाटकातून दिसायचं, तेवढंच. आता आतली बाई स्वतः बोलावते. ते शिक्षण आहे. शिक्षणाला नाही म्हणायचं नसतं."

ह्यावर मास्तराने मान हलवायची असते, ती मी हलवली. पण नाच म्हणजे शिक्षण कसं, हे कोडं मला तेव्हाही सुटलं नाही आणि खरं सांगायचं तर पगाऱ्यांनाही सुटलं नव्हतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार ते सुजाताला कॅरियरवर बसवून कॅम्पात न्यायचे, बाहेर व्हरांड्यात थांबायचे आणि परत आणायचे. आत काय चालतं ते त्यांना दिसत नव्हतं. बाई अधूनमधून बाहेर येऊन एकच वाक्य बोलायच्या, "पगारे, तेरी छोकरी का टर्नआऊट एकदम पुअर है."

आता टर्नआऊट म्हणजे पगाऱ्यांचा हातखंडा. लष्करात टर्नआऊट म्हणजे गणवेशाची टापटीप. इस्त्रीची घडी, बटणांची चमक, बुटांचं पॉलिश. सगळ्या छावणीचा टर्नआऊट ज्यांच्या भांडारातून निघतो, त्यांच्याच मुलीचा टर्नआऊट पुअर म्हणजे केवढी नामुष्की. पगारे पेटले. सुजाताच्या पांढऱ्या झग्याला रोज इस्त्री, मग नीळ, मग स्टार्च. बाई म्हणाल्या, "पुअर." पोर घरी येऊन सांगायची, "बाबा, बाई पायांचं म्हणतात." पगाऱ्यांनी बुटांना खडू लावायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "व्हेरी पुअर."

असं वर्षभर चाललं. शेवटी पगाऱ्यांना शंका आली आणि ते माझ्याकडे आले. "सर, टर्नआऊटचा दुसरा काही अर्थ असतो का? डिक्शनरीत बघा."

मी डिक्शनरी काढली. खरं म्हणजे नुसती काढली, उघडली जेमतेम. चष्मा लावून भारदस्तपणे सांगितलं, "टर्नआऊट म्हणजे वेशाची टापटीप. दुसरा अर्थ मतदानाला आलेल्या लोकांची संख्या. तो इथे लागू नाही."

"पण पोरगी पायांचं म्हणते."

"पगारे, आठ वर्षांच्या पोरीला इंग्रजी जास्त कळतं का मला?"

झालं. आणखी एक वर्ष इस्त्री. शेवटी एका गुरुवारी झगा इतका कडक झाला, की सुजाताला त्यात वाकताच येईना. खोर्शेदबाई तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. "पगारे, ये क्या है?"

"टर्नआऊट, मॅडम," पगारे सावधानमध्ये उभे राहून म्हणाले.

बाई आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसावं लागलं. हसून झाल्यावर त्या टेबलाला धरून उठल्या, टाचेला टाच लावली, आणि पासष्टीतले आपले दोन्ही पाय असे बाहेर वळवले की चवडे एकमेकांकडे पाठ करून सरळ रेषेत आले. "ये टर्नआऊट. इधर से," म्हणून त्यांनी आपल्या खुब्यावर चापट मारली.

पगाऱ्यांनी घरी येऊन मला हे जागच्या जागी करून दाखवलं आणि ते पडले. मी हसलो, पण मला हसू येत नव्हतं. माझ्या डिक्शनरीने पोरीचं एक वर्ष खाल्लं होतं. पगारे मात्र एका शब्दाने मला बोलले नाहीत. "सर, चूक भांडाराची," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून बाईंनी त्यांना व्हरांड्यातून आत घेतलं. बाईंचे हात थरथरायचे, रेकॉर्डवर सुई नीट टेकायची नाही. ते काम पगाऱ्यांकडे आलं. मध्येच रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला, की सुई उडायची आणि चार पोरी एका पायावर तशाच थांबायच्या. पगारे सुई पुन्हा जागेवर ठेवायचे. घरी सुजाता अभ्यासाला बसायची तीसुद्धा तळव्याला तळवा लावून, गुडघे जमिनीला टेकवून. गुडघे वर आले की पगारे वरून दाबायचे. "पोरीचा बेडूक करायचाय का तुम्हाला?" वहिनी विचारायच्या. त्यांना मुलीचं नक्की काय करायचं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढे मुंबईत परदेशातून परीक्षक यायचे, त्यांच्या दोन परीक्षा सुजाता पास झाली. प्रमाणपत्रावर तिचं नाव चुकीचं छापून आलं होतं, तरी पगाऱ्यांनी ते फ्रेम केलं.

सुजाता तेरा वर्षांची असताना जयंतीच्या कार्यक्रमात तिचा नाच ठेवला. विहारासमोर शाळेची बाकं जोडून स्टेज केलं होतं. आधी भीमगीतं झाली, एक समूहनृत्य झालं, टाळ्या कडाडल्या. मग सुजाता आली. पियानोची रेकॉर्ड सुरू झाली. तिने एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि अत्यंत सावकाश गुडघ्यात वाकली. मग तितक्याच सावकाश उठली. मग पुन्हा वाकली. माझ्या मागे चुळबुळ सुरू झाली. शिंदवडहून पाहुणी आलेली एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "आगं बाय, पोर बसून ऱ्हायलीय का उठून ऱ्हायलीय? नक्की काय ते ठरवा ना." लोक हसले. मी मागे वळून सगळ्यांना गप्प करण्यात गुंतलो. सहा मिनिटांनी रेकॉर्ड संपली. एकही टाळी नाही. मग मंडळाच्या सेक्रेटरीने माईक हातात घेऊन जाहीर केलं, "आता नाच सुरू होईल." सुजाता तोपर्यंत नमस्कार करून गेलीसुद्धा होती.

सोळाव्या वर्षी तिचा खुबा दुखायला लागला. आधी जिना चढताना, मग सायकलच्या कॅरियरवर बसताना. नाशिकच्या एका डॉक्टरांनी फोटो काढले. म्हणाले, हिच्या खुब्याची घडणच अशी आहे की तो त्यापुढे बाहेर वळणार नाही. जबरदस्ती केली तर चाळिशीत काठी लागेल. फोटो बघून खोर्शेदबाईंनीही मान हलवली. त्या दिवशी पगारे माझ्याकडे येऊन बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, पण भांडारातला एकही शब्द त्यांच्या तोंडी आला नाही. 'बियाँड लोकल रिपेअर' म्हणाले असते तर मला कमी भीती वाटली असती.

नाच थांबला. सुजाता रडली नाही, भांडली नाही. बारावी झाली, टेलिफोन खात्यात लागली. घरात बॅलेचा विषय निघत नव्हता. पगाऱ्यांना मात्र मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी काय करायचं ते कळेना. नऊ वर्षं बापलेक सायकलवरून बोलत जायचे. आता एका खोलीत बसून काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं. वहिनी म्हणायच्या, घरात दोन पाहुणे आल्यासारखं वाटतं.

पंच्याऐंशी साली खोर्शेदबाईंनी बंगला विकला आणि त्या मुंबईला भाचीकडे निघाल्या. पगारे निरोप घ्यायला गेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला घरी बोलावलं. पुढच्या खोलीत बसलो. आत सुजाता पोहे करत होती. पगारे आवाज खाली आणून म्हणाले, "सर, बाईंनी काल एक विचारलं. म्हणाल्या, पगारे, छोकरी को अच्छा लगता था क्या? मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला माहीत असेल. तर म्हणाल्या, मैं तो पाँव देखती थी."

"मग?"

"मीपण पायच बघितले, सर. आत होतो ती सात वर्षं. वर बघितलंच नाही." त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "तुम्ही जयंतीला पुढे बसला होतात. नाचताना तिचा चेहरा कसा होता?"

मी तर मागे तोंड करून बसलो होतो. पण पुन्हा एकदा 'सर' झालो. "हसरा होता," मी म्हणालो.

"हसायला मनाई होती. बाईंची सक्त ताकीद."

"म्हणजे हसरा नाही, प्रसन्न."

"असू द्या, सर," पगारे म्हणाले. त्यांनी मला दुसऱ्यांदा माफ केलं, आणि ह्या वेळी मला फार वाईट वाटलं.

"तिलाच विचारा की," मी म्हणालो.

"कसं विचारू? नाही म्हणाली, तर एवढी वर्षं पोरीला मागे बसवून मी नेलं कुठं? आणि हो म्हणाली तर..." त्यांनी हात झटकला. "हो म्हणाली तर त्याहून वाईट."

पडदा सरकला. सुजाता पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. आमचं दबक्या आवाजातलं बोलणं आतपर्यंत गेलं असणार, कारण पगाऱ्यांना दबका आवाज कधी जमलाच नाही. तिने बश्या स्टुलावर ठेवल्या आणि म्हणाली, "नाचताना मी कुठे बघायचे ते विचारा ना, बाबा."

पगाऱ्यांनी वर बघितलं.

"तुमच्याकडे. रेकॉर्ड लावून तुम्ही कोपऱ्यात उभे राहायचात आणि तोंडातल्या तोंडात मोजायचात. एक, दोन, तीन, चार. मला त्या पियानोत ताल कधी सापडलाच नाही. तुमचे ओठ बघून मी पाय टाकायचे."

पगाऱ्यांना हे पटेना. "पण मग तू चुकायचीस, बाई ओरडायच्या, ते?"

"ते तुम्ही चुकायचात."

पगारे हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसायला घेतला, तो पुसून होईचना. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. तिला आवडायचं की नाही, हे त्या दिवशीही कोणी विचारलं नाही. पगाऱ्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळा चुकलो गं मी?" आणि सुजाता त्यांच्या शेजारी बसून एकेक आठवायला लागली.